डॅशहुंडचे रंग : देखणेपणामागचा जनुकांचा हिशेब

आखूड पाय, लांबलचक पाठ, लोंबते कान आणि आपण आकाराने लहान आहोत याची जराही जाणीव नसल्यासारखा रुबाब. एवढ्या खुणांवरून डॅशहुंड कोणीही ओळखतो. त्याच्या रंगाबाबत मात्र असे ठामपणे काही सांगता येत नाही. एकाच प्रजातीत तांबूस, काळा-बदामी, चॉकलेटी, क्रीम, रानडुकराच्या केसांसारखा करडा अशा छटा आढळतात आणि त्यावर पुन्हा पट्टे, ठिपके, पांढरे चट्टे यांची नक्षी असते. मुंबई-पुण्यातील सदनिकांमध्येही हा कुत्रा आता नवलाईचा राहिलेला नाही. पिल्लू घरी आणताना अनेकदा रंगावरच निवड होते आणि 'दुर्मीळ' म्हणून सांगितल्या जाणाऱ्या रंगासाठी जादा पैसे मोजण्याचीही तयारी असते.

रंग ही निव्वळ अंगावरची शोभा असती, तर त्यात वावगे काहीच नव्हते. परंतु डॅशहुंडच्या एका अत्यंत लोकप्रिय नक्षीमागे असलेले जनुक कुत्र्याच्या कान आणि डोळ्यांच्या जडणघडणीतही ढवळाढवळ करते. या जनुकाची एक प्रत अंगावर सुंदर ठिपके उमटवते. दोन प्रती एकत्र आल्या तर पिल्लू बहिरे किंवा अंध जन्मण्याचा धोका बळावतो. म्हणूनच डॅशहुंडच्या रंगांमागचे शास्त्र ही केवळ पैदासकारांनी जाणून घ्यायची बाब राहत नाही, पिल्लू विकत घेणाऱ्यालाही ती ठाऊक असावी लागते.

बिळात शिरणारा शिकारी

डॅशहुंड मूळचा जर्मनीचा. जर्मन भाषेत 'डाख्स' म्हणजे बॅजर हा बिळात राहणारा प्राणी आणि 'हुंड' म्हणजे कुत्रा. बॅजरच्या बिळात शिरून त्याला बाहेर हुसकावणे हे या कुत्र्याचे मूळ काम. खुद्द जर्मनीत त्याला 'डाकेल' किंवा 'टेकेल' असे म्हटले जाते. १८७९ मध्ये तेथे या प्रजातीची पहिली मानके ठरवण्यात आली आणि १८८८ मध्ये 'डॉइचर टेकेलक्लब' ही संघटना स्थापन झाली. आंतरराष्ट्रीय श्वान महासंघाने जगभरातील प्रजातींचे दहा गट पाडले आहेत. त्यातील चौथा गट एकट्या डॅशहुंडसाठी राखलेला आहे. १९७२ च्या म्युनिक ऑलिम्पिकचे बोधचिन्ह असलेला 'वाल्डी' हाही रंगीबेरंगी पट्ट्यांचा डॅशहुंडच होता.

या प्रजातीत केसांचे तीन प्रकार आहेत : तुळतुळीत आखूड केसांचा, लांब रेशमी केसांचा आणि राठ, तारेसारख्या केसांचा. या प्रकारांमागची जनुके २००९ मध्ये प्रसिद्ध झालेल्या संशोधनात निश्चित झाली. त्या अभ्यासासाठी डॅशहुंड विशेष उपयोगी ठरला, कारण एकाच प्रजातीत केसांचे तिन्ही प्रकार उपलब्ध होते. लांब केसांचा गुणधर्म अप्रभावी आहे. त्यामुळे आखूड केसांच्या दोन कुत्र्यांच्या पोटी लांब केसांचे पिल्लू येऊ शकते. राठ केसांचा गुणधर्म प्रभावी असून त्याची एक प्रतही पुरेशी ठरते.

रूप आणि आरोग्य यांची गाठ या प्रजातीत किती घट्ट आहे, याचा दाखला तिच्या ठेंगण्या बांध्यातच मिळतो. आखूड पायांमागे एका वाढकारक जनुकाची जादा प्रत असल्याचे २००९ मध्ये स्पष्ट झाले. २०१७ मध्ये त्याच जनुकाची आणखी एक जादा प्रत बाराव्या गुणसूत्रावर सापडली आणि तिचा संबंध मणक्यांमधील चकतीच्या विकाराशी असल्याचे दिसून आले. डॅशहुंडचे पाठीचे दुखणे सर्वपरिचित आहे. रंगांची कथाही काहीशी याच वळणाची आहे.

दोन रंगद्रव्ये, अनेक छटा

कुत्र्याच्या अंगावर कितीही रंग दिसले तरी त्यांच्या मुळाशी दोनच रंगद्रव्ये असतात. युमेलॅनिन हे काळे किंवा तपकिरी आणि फिओमेलॅनिन हे तांबडे किंवा पिवळसर. पांढरा हा स्वतंत्र रंग नव्हे. जेथे रंगद्रव्य पोहोचत नाही, तेथे केस पांढरे दिसतात. कोणते रंगद्रव्य कोठे, किती आणि केव्हा तयार व्हावे, हे ठरवणारी जनुके निरनिराळी आहेत. अमेरिकी जनुकशास्त्रज्ञ क्लॅरेन्स कुक लिट्ल यांनी १९५७ मध्ये कुत्र्यांच्या रंगांच्या आनुवंशिकतेवर ग्रंथ लिहिला, तेव्हा त्यांच्यापुढे केवळ पिल्लांच्या रंगांच्या नोंदी होत्या. कुत्र्याच्या ३९ गुणसूत्र जोड्यांचा जनुकीय आराखडा २००५ च्या अखेरीस प्रसिद्ध झाला आणि त्यानंतर अवघ्या काही वर्षांत यातील बहुतेक जनुकांचा ठावठिकाणा लागला.

डॅशहुंडमध्ये सर्वाधिक परिचित रंग तांबूस. 'अगूटी' नावाच्या जनुकाच्या एका प्रभावी रूपामुळे तो येतो. अशी पिल्ले जन्मतः अनेकदा काळपट दिसतात आणि वाढत्या वयाबरोबर उजळत जातात. याच जनुकाच्या अप्रभावी रूपाच्या दोन प्रती आल्या, की काळे अंग आणि भुवया, तोंडाची बाजू, छाती व पंजे यांवर बदामी खुणा असा 'ब्लॅक अँड टॅन' कुत्रा जन्मतो. त्यामुळे दोन तांबूस डॅशहुंडच्या पोटी काळे-बदामी पिल्लू आले, तर त्यात संशयाला जागा नाही. दोघांनीही ते रूप आपल्या रक्तात लपवून ठेवलेले असते. राठ केसांच्या डॅशहुंडमध्ये प्रत्येक केसावर गडद-फिकट वळी असलेला 'रानडुकरी' रंग दिसतो. तोही अगूटीचाच एक आविष्कार.

काळ्या रंगद्रव्याचे तपकिरीत रूपांतर करणारे जनुक वेगळे आहे. त्याच्या दोन अप्रभावी प्रती असल्या, की कुत्रा चॉकलेटी होतो. अशा कुत्र्याचे नाक आणि पापण्यांच्या कडाही तपकिरी असतात. क्रीम रंग म्हणजे तांबड्या रंगद्रव्याचीच फिकी पडलेली छटा. काही तांबूस व क्रीम कुत्र्यांत तर आणखी एका जनुकामुळे केसांमध्ये काळे रंगद्रव्य तयारच होत नाही. हा तपशील पुढे महत्त्वाचा ठरतो.

'दुर्मीळ' म्हणून ज्यांचा गाजावाजा होतो त्या निळसर-राखाडी आणि फिकट जांभळट-तपकिरी म्हणजे 'इसाबेला' छटा या रंगद्रव्य विरळ करणाऱ्या जनुकाच्या अप्रभावी रूपातून येतात. निळसर हा मुळात काळाच, इसाबेला हा मुळात चॉकलेटीच. फक्त केसांतील रंगकण गोळा होऊन असमान पसरल्याने रंग फिका दिसतो. या रंगांच्या काही कुत्र्यांमध्ये केस ठिसूळ होऊन गळणे, त्वचा कोरडी पडणे आणि वारंवार जंतुसंसर्ग होणे असा विकार आढळतो. तो बहुधा जन्मतः दिसत नाही, काही महिन्यांनी डोके वर काढतो. पिल्लू विकले जाते तेव्हा त्याची कातडी मखमलीसारखी असू शकते.

पट्टे, चट्टे आणि ठिपके

मूळ रंगावर उमटणाऱ्या नक्षीचे डॅशहुंडमध्ये तीन प्रमुख प्रकार आहेत. पहिला 'ब्रिंडल', म्हणजे वाघासारखे गडद पट्टे. या पट्ट्यांचे जनुक २००७ मध्ये ओळखले गेले. हे पट्टे फक्त तांबड्या भागावर दिसतात. म्हणून तांबूस कुत्र्याच्या सर्वांगावर पट्टे उमटतात, तर काळ्या-बदामी कुत्र्याच्या केवळ बदामी खुणांवर. या नक्षीमुळे आरोग्याला धोका पोहोचत नाही.

दुसरा 'पाइबाल्ड'. गावाकडे बैलाला 'बांडा' म्हणतात तसा पांढऱ्या अंगावर रंगीत चट्टे असलेला. याचे मूळ असलेले जनुकही २००७ मध्येच निश्चित झाले. अमेरिकी मानकात पाइबाल्ड मान्य आहे, जर्मन परंपरेवर आधारलेल्या आंतरराष्ट्रीय मानकात मात्र या पांढऱ्या चट्ट्यांना स्थान नाही.

तिसरा आणि सर्वाधिक मागणीचा प्रकार म्हणजे 'डॅपल'. गडद अंगावर कोणीतरी पाण्याचे शिंतोडे उडवावेत आणि तेथला रंग फिका व्हावा, तशी ही नक्षी असते. कोणत्याही दोन डॅपल कुत्र्यांची नक्षी सारखी नसते. काहींचा एक किंवा दोन्ही डोळे निळे असतात. इतर प्रजातींमध्ये यालाच 'मर्ल' म्हणतात. जर्मनीत या कुत्र्याचे नाव 'टायगरटेकेल' असे आहे. नावात वाघ असला तरी त्याच्या अंगावर पट्टे नसतात, ठिपकेच असतात. नावांच्या या गोंधळामुळे ब्रिंडल आणि डॅपल यांत गल्लत होऊ शकते. पण आनुवंशिकतेच्या दृष्टीने दोहोंत जमीन-अस्मानाचे अंतर आहे.

एक प्रत शोभेची, दोन प्रती घाताच्या

डॅपल नक्षीमागचे रहस्य २००६ मध्ये उलगडले. अमेरिकेतील टेक्सास ए अँड एम विद्यापीठातील ली अ‍ॅन क्लार्क, कीथ मर्फी आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी दाखवून दिले, की 'पीएमईएल' या रंगविषयक जनुकात एक उपरा डीएनए तुकडा घुसल्याने ही नक्षी तयार होते. हा गुणधर्म अपूर्ण प्रभावी आहे. म्हणजे एक प्रत असलेला कुत्रा आणि दोन प्रती असलेला कुत्रा एकसारखे दिसत नाहीत. दोन प्रती असलेल्या कुत्र्याला 'डबल डॅपल' म्हणतात. त्याच्या अंगावर सहसा पांढऱ्या रंगाचे मोठे भाग असतात आणि डोळे बरेचदा निळे असतात.

रंगाच्या जनुकाचा कानाशी संबंध काय, असा प्रश्न कोणालाही पडेल. त्याचे उत्तर रंगपेशींच्या प्रवासात आहे. गर्भावस्थेत रंगपेशी पाठीच्या कण्यालगतच्या भागातून निघून शरीरभर पसरतात. त्या त्वचेत जातात, तशाच डोळ्यांत आणि अंतर्कर्णातही जातात. अंतर्कर्णात त्यांचे काम रंग देणे हे नसते. ऐकण्यासाठी आवश्यक असलेल्या द्रवातील क्षारांचा समतोल राखण्यात त्यांचा वाटा असतो. तेथे रंगपेशी नसतील, तर ध्वनी टिपणाऱ्या संवेदनक्षम पेशी जन्मानंतरच्या पहिल्या काही आठवड्यांतच मरतात आणि त्या पुन्हा तयार होत नाहीत. डोळ्यांच्या बाबतीत बुबुळाला खाच असणे, डोळ्याचा गोळा प्रमाणापेक्षा लहान राहणे येथपासून पूर्ण अंधत्वापर्यंतचे दोष आढळतात.

२००९ मध्ये लुइझियाना स्टेट विद्यापीठाचे जॉर्ज स्ट्रेन आणि सहकाऱ्यांनी निरनिराळ्या प्रजातींच्या १५३ मर्ल कुत्र्यांची श्रवणचाचणी आणि जनुकीय तपासणी यांचे निष्कर्ष प्रसिद्ध केले. एकच प्रत असलेल्या ११३ कुत्र्यांपैकी ४ कुत्र्यांना, म्हणजे साडेतीन टक्क्यांना, एका किंवा दोन्ही कानांनी ऐकू येत नव्हते. दोन प्रती असलेल्या ४० कुत्र्यांपैकी १० बहिरे होते आणि त्यांतील ६ दोन्ही कानांनी. त्याआधी १९७० च्या दशकात जर्मनीत खास डॅशहुंडवर झालेल्या अभ्यासात सौम्य श्रवणदोषही मोजण्यात आले होते. तेव्हा एक प्रत असलेल्यांत ३६.८ टक्के, तर दोन प्रती असलेल्यांत ५४.६ टक्के कुत्र्यांमध्ये कमी-अधिक दोष आढळला होता. आकडे वेगवेगळे असले तरी दिशा एकच आहे.

हिशेब काय सांगतो?

डबल डॅपल पिल्लू जन्मण्यासाठी आई आणि वडील या दोघांकडूनही डॅपलची प्रत यावी लागते. शाळेच्या जीवशास्त्राच्या पुस्तकातील मेंडेलचा साधा तक्ता मांडला, तर चित्र स्पष्ट होते. दोन डॅपल कुत्र्यांचा संकर केल्यास सरासरीने निम्मी पिल्ले डॅपल, पाव पिल्ले साधी आणि पाव पिल्ले डबल डॅपल निपजतात. डॅपल आणि साधा कुत्रा यांचा संकर केल्यास निम्मी पिल्ले डॅपल आणि निम्मी साधी होतात. डबल डॅपल एकही नाही.

या दोन उत्तरांची तुलना डोळे उघडणारी आहे. दोन्ही संकरांत देखण्या डॅपल पिल्लांचे प्रमाण सारखेच, म्हणजे निम्मे आहे. डॅपलला डॅपलची जोडी दिल्याने हव्या त्या रंगाचे एकही जादा पिल्लू सरासरीत पदरी पडत नाही. जी निरोगी साधी पिल्ले जन्मली असती, त्यांपैकी निम्म्यांच्या जागी धोका घेऊन आलेली पिल्ले जन्मतात, एवढाच काय तो फरक. थोडक्यात, या जोडीमुळे शोभेत भर पडत नाही आणि किंमत मात्र पिल्लाला मोजावी लागते. 'डॅपल हवे तर दोन्ही पालक डॅपल हवेत' ही समजूत म्हणूनच निराधार आहे.

लपलेले ठिपके

हिशेब सोपा असला तरी तो बिघडण्याच्या वाटा आहेत. डॅपलचे जनुक फक्त काळ्या-तपकिरी रंगद्रव्यावर परिणाम करते, तांबड्यावर नाही. ज्या तांबूस किंवा क्रीम कुत्र्याच्या केसांत काळे रंगद्रव्य तयारच होत नाही, त्याच्या अंगात हे जनुक असले तरी ते दिसत नाही. अन्य काही तांबूस पिल्लांच्या अंगावर जन्माच्या वेळी पुसट ठिपके असतात आणि पिल्लू मोठे होईपर्यंत ते दिसेनासे होतात. पाइबाल्डमध्ये पांढऱ्या भागाखाली नक्षी झाकली जाते. तिचा जेमतेम एखादा ठिपका कानावर किंवा शेपटीजवळ उरतो. शिवाय पांढऱ्याधोप पाइबाल्ड आणि डबल डॅपल यांतला फरक नुसत्या नजरेने ओळखणे अनुभवी माणसालाही जड जाते.

२०१८ मध्ये प्रसिद्ध झालेल्या संशोधनाने यात आणखी एक पदर उलगडला. जनुकात घुसलेल्या तुकड्याची शेपटी किती लांब आहे, यावर नक्षीची तीव्रता ठरते. ती आखूड असेल तर कुत्रा साध्या रंगाचाच वाटतो, आणि एकाच कुत्र्याच्या शरीरात वेगवेगळ्या लांबीच्या शेपट्या असू शकतात. त्यामुळे वरून साधा दिसणारा कुत्रा डॅपल पिल्लांना जन्म देऊ शकतो. गालाच्या आतील बाजूच्या पेशी कापसाच्या बोळ्यावर घेऊन होणारी जनुकीय चाचणी हाच अशा वेळी खात्रीचा मार्ग ठरतो.

नियमांची चौकट

ब्रिटनच्या केनेल क्लबने २०१३ पासून दोन मर्ल पालकांच्या पिल्लांची नोंदणी बंद केली. हा नियम सर्वच प्रजातींना लागू आहे. जर्मनीत प्राणीसंरक्षण कायद्याचे कलम '११ ब' वेदनादायी दोष निर्माण करणाऱ्या पैदाशीला मनाई करते आणि दोन टायगरटेकेलची जोडी त्याच तत्त्वात बसत नाही.

भारतात प्राणी क्रूरता प्रतिबंधक कायद्याखाली २०१७ मध्ये श्वान पैदास व विक्रीविषयक नियम लागू झाले. पैदासकाराने राज्य प्राणी कल्याण मंडळाकडे नोंदणी करणे आणि आठ आठवड्यांपेक्षा लहान पिल्लू न विकणे या त्यातील प्रमुख अटी. आठ आठवड्यांच्या अटीचा येथे वेगळाच उपयोग आहे. आनुवंशिक बहिरेपण पहिल्या काही आठवड्यांत पक्के झालेले असते. त्यामुळे या वयात केलेल्या चाचणीवर विसंबता येते.

पिल्लू घेण्यापूर्वी

पिल्लाच्या रंगापेक्षा त्याच्या आई-वडिलांचे रंग अधिक बोलके असतात. दोघांनाही प्रत्यक्ष पाहण्याचा आग्रह धरावा. ते शक्य नसेल तर छायाचित्रे आणि वंशावळीचे प्रमाणपत्र मागावे. दोघेही डॅपल असतील, किंवा एक डॅपल आणि दुसरा क्रीम अथवा पाइबाल्ड असेल, तर जनुकीय चाचणीचा अहवाल मागणे हा खरेदीदाराचा हक्कच समजावा. निळसर किंवा इसाबेला पिल्लू घेताना त्याच रंगाच्या मोठ्या नातेवाईक कुत्र्यांची कातडी व केस कसे आहेत, याची चौकशी करावी.

घरच्या घरी श्रवणाची ढोबळ परीक्षा घेता येते. पिल्लू झोपलेले किंवा पाठमोरे असताना किल्ल्यांचा जुडगा खुळखुळवावा. मात्र जमिनीला हादरा बसता कामा नये आणि वाऱ्याची झुळूकही लागता कामा नये, कारण बहिरे पिल्लू त्यांवरूनही सावध होते. भावंडांसोबत असताना ते त्यांचेच पाहून धावते, म्हणून परीक्षा एकट्याचीच घ्यावी. एका कानाचे बहिरेपण या पद्धतीने कळत नाही. त्यासाठी मेंदूची ध्वनीला मिळणारी प्रतिक्रिया नोंदवणारी वैद्यकीय चाचणी लागते.

आधीच घरात आलेला डबल डॅपल मात्र टाकाऊ नव्हे. बहिरा कुत्रा हाताच्या खुणांवर उत्तम शिकतो. अंध कुत्रा घरातील सामान जागच्या जागी राहिले तर बिनधास्त वावरतो. रस्त्यावर त्याला साखळीविना सोडू नये आणि झोपेत अचानक हात लावून दचकवू नये, एवढी पथ्ये पाळावी लागतात. दोष त्या कुत्र्याचा नसतो, त्याच्या पालकांची जोडी जुळवणाऱ्या माणसाचा असतो. पुढचे पिल्लू धडधाकट जन्मावे असे वाटत असेल, तर रंग निवडण्याआधी ती जोडी पारखून घेणे हाच सर्वांत सोपा उपाय आहे.